बोलावणारी वाट

नागपूरहून भंडाऱ्याकडे जाताना शहापूर लागते. हजिऱ्याहून कोलकात्याला जाणारा जुना राष्ट्रीय महामार्ग ६, आता ५३, इथूनच जातो. पण दोस्तांना पाठवायला मी त्याचा फोटो काढत नाही. तो रस्ता माणसाला थांबू देत नाही. मी काढतो ती धानाच्या बांध्यांमधली वाट. रोवणीच्या दिवसांत तिच्यावर घोटाभर चिखल, दिवाळीच्या सुमारास दोन्ही बाजूंनी पिवळे धान झुकलेले.

दुबईतल्या दोस्ताला तीच पाठवली. इतरांनी ‘माशाअल्लाह’ लिहिले, त्याने विचारले, “भाईजान, अम्मी याच वाटेने शेतावर जातात ना? वाट रिकामी का?”

तीन वर्षांत तो घरी आलेला नाही. हल्ली मी सकाळी खालाजान निघतात त्याच वेळेला जातो.