वसमतच्या बाजारातील कार्बनची जोडी

हिंगोली जिल्ह्यात हळद म्हटली की वसमतचे नाव प्रथम येते. काढणीच्या दिवसांत हळद शिजवण्याचे कुकर पेटतात आणि त्यांची गळती बुजवणाऱ्या वेल्डिंगच्या दुकानांना उसंत राहत नाही. अशा वेळी ग्राइंडर ठिणग्या टाकून थांबला, तर कारागिराच्या मजुरीबरोबर रांगेतील शेतकऱ्याची ओली हळदही अडते.

दोष बहुधा कार्बनचा असतो. झिजून आखूड झाला की तो कम्युटेटरला नीट टेकत नाही. कंपनीचाच हवा म्हणून नांदेड गाठावे, तर दिवस गेला. म्हणून जाणता दुकानदार यंत्राचे नाव नंतर विचारतो. आधी जुन्या कार्बनची रुंदी-जाडी मोजतो, तार आणि स्प्रिंग पाहतो. देतो ती जोडीच. किंचित जाड निघाला तर घासून बसवता येतो. बारीक निघाला तर उपाय नाही. बेअरिंगचे काम त्याहून सोपे. ६०८ म्हणजे भोक ८, बाहेरचा व्यास २२ आणि जाडी ७ मिलिमीटर, मग कंपनी कोणतीही असो.

आर्मेचर जळले असेल, तर मात्र वाइंडिंगवाला किंवा नवा भाग. ज्याचे काम कार्बनवर भागते त्याला आर्मेचर खपवणे अवघड नसते. पण तोच शेतकरी, तोच कारागीर पुढच्या हंगामातही याच बाजारात येणार असतो.