औशाहून खरोशास चिखलांतून

आमच्या मराठवाड्यांतील स्थळें पाहावयाचीं तीं हिवाळ्यांत, असा सुशिक्षित कुटुंबांतून सर्वसाधारण समज आहे. तो सोयीचा खरा. पण त्यामुळें या भूमीचें एक रूप पाहावयाचें राहूनच जातें. यंदाच्या श्रावणांत आम्ही पांच सेवानिवृत्त स्नेही औशाहून खरोशाच्या लेण्यांस सायकलींवरून जाऊन आलों. आमच्यांत सर्वांत लहान ६१ वर्षांचे, सर्वांत वडील ६८ वर्षांचे. घरच्या मंडळींनीं प्रथम थट्टा केली, मग रागें भरलीं, आणि शेवटीं दशम्या व शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. निघतांना एकच नियम ठरला : जो सर्वांत सावकाश चालवील त्यानें पुढें राहावें, व बाकीच्यांनीं त्याच्या मागून जावें.

लातूर ते औसा हें सुमारें २० किलोमीटरांचें अंतर आदल्या दिवशीं तोडून आम्ही औशास एका आप्तांकडे मुक्काम केला होता. सकाळीं तेथील भुईकोट किल्ला व त्याचा खंदक पाहून निलंग्याच्या रस्त्यास लागलों. पुढें वाहनांची गर्दी चुकविण्याकरितां सडक सोडून एक पाणंद धरली, आणि तेथें प्रवासाचें स्वरूपच पालटलें.

दोहों बाजूंस गुडघाभर सोयाबीन, मधून तुरीचे तास, आणि मध्यें काळ्या मातीचा गारा. चिखलास आमच्याकडे गारा म्हणतात. हा गारा टायरास चिकटतो, मडगार्डांत भरतो, आणि शंभर पावलांत चाक फिरेनासें होतें. काडीनें माती उकरावी, थोडें चालावें, पुन्हां उकरावी! अखेरीस सायकली खांद्यांवर घेतल्या. बांधावरील एक वृद्ध शेतकरी हें पाहून म्हणाले, "गुरुजी, तुम्ही सायकलीवर बसलाय का सायकल तुमच्यावर बसलीय?" आम्ही सर्वच मनमुराद हंसलों.

मग तेच आमच्याबरोबर चालूं लागले. "गेल्या साली सुनेला कळा सुटल्या. बाजेवर घालून चौघांनी सडकेपर्यंत नेलं. ह्या वाटेनं गाडी येत नाही." एवढें बोलून ते गप्प झाले. आमच्या हंसण्यास तेथेंच खीळ बसली. आम्हांस जी एका दिवसाची मौज, ती त्यांस चार महिन्यांची वाट होती.

ही माती अशी कां? दख्खनच्या लाव्ह्याचा काळा कातळ युगानुयुगें झिजून ती झाली आहे. तिच्यांतील सूक्ष्म चिकणमाती पाणी पिऊन फुगते, व उन्हाळ्यांत सुकून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पाणी धरून ठेवण्याच्या याच गुणावर रब्बीची ज्वारी पोसते. वाफसा येईपर्यंत मात्र ती नांगरास किंवा पावलास दाद देत नाहीं.

खरोशाचा डोंगर जवळ येतांच पायांखालची माती काळ्याची तांबडी झाली आणि चाकें मोकळीं फिरूं लागलीं. चढ मात्र असा कीं, सायकली ढकलीत नेतांना वडील मंडळींस तीनदां थांबावें लागलें. येथील खडक जांभा. पावसानें मूळ कातळांतील इतर द्रव्यें वाहून जाऊन लोहाचा व ॲल्युमिनियमचा अंश मागें उरला म्हणजे जांभा होतो. तो खणतांना मऊ असतो व हवा लागली कीं कठीण होतो. काळी माती पाण्यानें विरघळते, तर हा वाऱ्यानें घट्ट होतो! या गुणामुळेंच सहाव्या-सातव्या शतकाच्या सुमारास येथें लेणीं खोदतां आलीं. खडक सच्छिद्र असल्यामुळें शिल्पांचे चेहरे झिजले आहेत. तरी शिवमंदिरें व लाखामंडल नांवाच्या लेण्यांतील कथापट्ट ओळखूं येतात. जेम्स बर्जेस यांनीं १८७८ सालच्या आपल्या अहवालांत या लेण्यांची नोंद केली होती. डोंगरावर रेणुकादेवीचें मंदिर आहे. तिचें दर्शन घेऊन आम्ही लेण्यांच्या सावलींत दशम्या सोडल्या.

तेथें सर्वांचे चिखलानें माखलेले पाय पाहून मला श्रीसूक्त आठवलें. त्यांत लक्ष्मीचा पुत्र म्हणून ज्याचें आवाहन आहे त्याचें नांव कर्दम, आणि कर्दम म्हणजे चिखल. घरोघरीं म्हटल्या जाणाऱ्या या सूक्ताचा अर्थ लातूरकरांस निराळा शिकवावा लागत नाहीं. १२ एप्रिल २०१६ रोजीं मिरजेहून पहिली पाण्याची आगगाडी लातुरास आली; दहा डब्यांत सुमारें ५ लाख लिटर पाणी होतें. त्या उन्हाळ्यांत घागरी घेऊन रांगेंत उभे राहिलेले आम्हीच, आज गाऱ्याविषयीं कुरकुर कोणत्या तोंडानें करणार? परंतु लक्ष्मीच्या या पुत्राचें स्थान शेतांत आहे, वाटेवर नाहीं. पाणंदीवर मुरूम पडला व कडेनें चर निघाले, तर तेंच पाणी शेतांत मुरेल आणि बाज उचलणाऱ्या चौघांचे खांदे मोकळे होतील.

ज्या वाचकांस हा प्रवास करावयाचा असेल त्यांनीं पावसाची दोन दिवस उघडीप पाहावी, मडगार्डें घरींच काढून ठेवावीं, माती उकरण्यास एक बोथट पट्टी बाळगावी, व पाणंदीनें चालतांना कडेच्या पिकांत चाक घालूं नये. परततांना आम्ही डांबरी सडकेनें आलों. अडुसष्ट वर्षांचे स्नेही पुढें होते, आणि दिवेलागणीस औशाच्या वेशीपाशीं उतरून इतरांची वाट पाहात उभे होते.