वीस सेकंदांचं चित्र

थीम पार्कच्या संकल्पचित्रांवर लिहा, असं संपादकांनी सांगितलं आणि लगोलग ‘सोबत छानशी रंगीत चित्रंही द्या’ अशी पुस्ती जोडली. माझं भांडण त्या ‘छानशी’शी आहे. राईड बांधण्याआधी जी चित्रं काढली जातात ती मुळात भिंतीवर टांगण्यासाठी काढलेली नसतात. तरी लोक ती पोस्टर पाहावं तशी पाहतात, पैसे घालणारेही तशीच पाहतात आणि आता तर संगणकाला चार ओळी सांगून अर्ध्या मिनिटात मिळवलेले किल्ले, धबधबे आणि ड्रॅगन पुढे करून ‘आमची संकल्पना तयार आहे’ असं म्हणणारेही निघाले आहेत. माझं म्हणणं असं की राईडचं चित्र जोखताना ते किती देखणं आहे हे विचारूच नये. बघणारा कुठे बसला आहे, तो कुठून कुठे चालला आहे आणि त्याच्या हातात किती सेकंद आहेत, हे चित्रकाराला ठाऊक होतं का, एवढंच विचारावं. ज्याला ते ठाऊक असतं तो राईडमधून गोष्ट सांगायच्या फंदात सहसा पडत नाही. हे दुसरं विधान अनेकांना पटत नाही, त्याकडे येतोच.

देखण्या चित्राचा मोह या धंद्याच्या जन्मापासूनचा आहे. सप्टेंबर १९५३ मध्ये वॉल्ट डिस्नेनं हर्ब रायमन या चित्रकाराला बोलावून घेतलं आणि एका शनिवार-रविवारात अजून कुठेही नसलेल्या डिस्नेलँडचं मोठं चित्र काढून घेतलं. ते घेऊन भाऊ रॉय न्यूयॉर्कला भांडवल उभं करायला गेला आणि पुढे एबीसी या दूरचित्रवाणी कंपनीशी करार झाला. १७ जुलै १९५५ ला पार्क उघडला. चित्रानं आपलं काम चोख केलं, यात वादच नाही. मधोमध किल्ला, भोवती आगगाडीचा रूळ, सगळं एका नजरेत. पण ते आकाशातून पाहिलेलं दृश्य आहे. तिकीट काढून आत गेलेला एकही माणूस त्या जागी कधी उभा राहिला नाही. पैसा उभा करणारं चित्र आणि राईड उभी करणारं चित्र या दोन वेगळ्या जाती आहेत. रायमनचं चित्र पहिल्या जातीतलं, आणि त्याची कीर्ती एवढी झाली की दुसरी जातही तशीच दिसायला हवी, असा समज रूढ झाला.

दुसऱ्या जातीचा उस्ताद मार्क डेव्हिस. ‘स्लीपिंग ब्युटी’तली मॅलेफिसंट आणि डाल्मेशियन कुत्र्यांच्या चित्रपटातली क्रुएला याच माणसाच्या हातच्या. १९६० च्या सुमारास वॉल्टनं त्याला डिस्नेलँडमधली खाणगाडीची राईड पाहून मत द्यायला सांगितलं. वाळवंटाच्या देखाव्यात दोन यांत्रिक कोल्हे होते. एक मान वर-खाली करायचा. बरंच अंतर गेल्यावर दुसरा लागायचा, तो मान डावी-उजवीकडे हलवायचा. यंत्रं उत्तम चालू होती, प्राणीही हुबेहूब होते, पण घडत काहीच नव्हतं. डेव्हिसनं सुचवलं की दोघांना नाकासमोर नाक ठेवून उभं करा. एक ‘हो’ म्हणतोय, दुसरा ‘नाही’ म्हणतोय. मोटर तीच, खर्च तोच, आणि गाडीतल्या माणसाला भांडण ताबडतोब कळलं. या धंद्यातली अक्कल या दोन कोल्ह्यांत जवळजवळ सगळी येते. त्यानंतर १९६२ मध्ये जंगल क्रूझ या होडीच्या राईडमध्ये डेव्हिसचे आंघोळ करणारे भारतीय हत्ती आले, आणि पुढच्या काही वर्षांत ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’साठी त्यानं चित्रांचा ढीग रचला.

इथे थोडं गणित करणं भाग आहे. समजा, वीस माणसांची होडी दर तीस सेकंदांनी सुटते. तासाला एकशेवीस होड्या, म्हणजे दोन हजार चारशे माणसं. मोठ्या पार्कला असा आकडा लागतोच, नाहीतर बाहेरची रांग दुपारपर्यंत प्रवेशद्वाराला भिडते. होडी सेकंदाला साठ सेंटिमीटर सरकते असं धरलं, तर बारा मीटर लांबीचा देखावा बघणाऱ्यासमोर फक्त वीस सेकंद असतो. त्यातले पहिले काही सेकंद नजर स्थिर होण्यात जातात आणि शेवटचे पुढच्या देखाव्याकडे मान वळवण्यात. शिवाय यांत्रिक पुतळ्यांची हालचाल फिरून फिरून तीच चालू असते आणि प्रत्येक होडी त्या फेऱ्याच्या वेगळ्याच क्षणी समोर येते. एकीला चाचा तलवार उपसताना दिसेल, दुसरीला म्यान करताना. म्हणजे ‘आधी हे झालं, मग ते झालं’ असं सांगायची सोयच नाही. जे दाखवायचं ते कुठल्याही क्षणी पाहिलं तरी पुरं वाटलं पाहिजे. डेव्हिसच्या तुरुंगातल्या कैद्यांकडे या नजरेनं पाहावं. किल्ल्या तोंडात धरून बसलेला कुत्रा, गजांमधून त्याला हाडूक दाखवणारे कैदी. कुत्रा हलत नाही, कैदी सुटत नाहीत आणि प्रसंग केव्हाही पाहिला तरी संपूर्ण असतो. या राईडमध्ये आवाज एकमेकांत मिसळतात, संवाद नीट ऐकू येत नाहीत, अशी काळजी निघाली तेव्हा वॉल्टनं तिची तुलना पार्टीतल्या गप्पांशी केली, असं सांगतात. चार शब्द इथले कानावर पडतात, चार तिथले, आणि माणूस पुन्हा यायचं कारण घेऊन जातो. ही राईड १९६७ च्या मार्चमध्ये उघडली. वॉल्ट त्याआधी तीन महिने वारला होता.

आता माझा लाडका वाद. १९६९ च्या ‘हाँटेड मॅन्शन’बद्दल ठरीव मत असं आहे की क्लॉड कोट्सला भीतिदायक राईड हवी होती, डेव्हिसला विनोदी, वाद मिटला नाही म्हणून पहिला अर्धा भाग कोट्सचा आणि दुसरा डेव्हिसचा झाला, थोडक्यात ही दोन अर्धवट राईडींची गोळाबेरीज. मला हे मत आळशीपणाचं वाटतं. कोट्स हा पार्श्वभूमी रंगवणारा चित्रकार होता आणि डेव्हिस पात्रं हलवणारा. संपतच नाही असा बोळ, अधांतरी मेणबत्त्या, कुणी नसताना हलणारे दरवाजे ही कोट्सची जागा; मैफल जमवून बसलेली भुतं हा डेव्हिसचा प्रसंग. दोघांपैकी एकानंही गोष्ट रचलेली नाही, आणि हे मला त्यांच्या भांडणापेक्षा महत्त्वाचं वाटतं. कारण गोष्टी आधी रचून झाल्याच होत्या. पन्नाशीच्या दशकात केन अँडरसननं जहाजाचा कप्तान, त्याची नवी नवरी, खून वगैरे मालमसाला घालून संहिता लिहिल्या. त्या एकामागून एक बाजूला पडल्या. वाड्याचा बाह्य भाग १९६३ पर्यंत बांधून झाला आणि आत काय घालायचं हे ठरेना म्हणून सहा वर्षं रिकामा राहिला. कोंडी फुटली ती वाहनामुळे. अखंड साखळीनं जोडलेल्या आणि माणसाला हव्या त्या दिशेला वळवणाऱ्या खुर्च्या आल्या. त्यांना ऑम्निमूव्हर म्हणतात. खुर्चीच्या उंच पाठीमुळे आजूबाजूचं दिसत नाही. चित्रकाराला नजरेचा ताबा मिळतो. पण साखळी थांबत नाही, त्यामुळे गोष्टीची उरलीसुरली आशाही संपते.

त्या राईडमधलं नृत्यदालन घ्या. रिकाम्या दालनात पारदर्शक भुतं नाचताना दिसतात. युक्ती १८६२ मध्ये लंडनच्या रंगभूमीवर पेपर नावाच्या माणसानं गाजवलेलीच आहे: प्रेक्षक आणि दालन यांच्यामध्ये प्रचंड काच, खऱ्या बाहुल्या काचेच्या अलीकडे अंधारात, प्रेक्षकाच्या नजरेआड. बाहुल्यांवर उजेड पडला की त्यांचं प्रतिबिंब काचेपलीकडे तेवढ्याच अंतरावर उभं राहतं. म्हणून पलीकडचं टेबल आणि अलीकडची बाहुली यांची जागा काचेपासून मोजून जुळवावी लागते, आणि खुर्च्या एका ठरलेल्या सज्ज्यावरूनच न्याव्या लागतात, नाहीतर बाहुली दिसेल आणि भूत मरेल. (भुतांबाबत हा शब्दप्रयोग चालेल अशी आशा आहे.) प्रतिबिंबात डावं-उजवं उलटतं, आणि जाणकार हमखास दाखवतात की तिथल्या नाचणाऱ्या जोड्यांत बाईच पुरुषाला फिरवताना दिसते. असं दालन कागदावर उतरवताना काच कुठे आणि डोळा कुठे हे हाताला माहीत असावं लागतं. पोस्टर काढणाऱ्याला त्याची गरज नसते, म्हणून त्याचं चित्र जास्त भपकेदार होतं.

यावर पहिला आक्षेप हमखास येतो: लोकांना गोष्टच हवी असते. खरं आहे, आणि पुरावाही माझ्याविरुद्ध जातो. १९५५ च्या स्नो व्हाइट राईडमध्ये स्नो व्हाइट दिसत नसे, कारण गाडीत बसलेले तुम्हीच ती, अशी कल्पना होती. लोक बाहेर येऊन विचारत, ती कुठे आहे? १९८३ च्या फेरबदलात अखेर तिला आत आणावं लागलं. पण यातून लोकांना राईडनं गोष्ट सांगायला हवी होती हे सिद्ध होत नाही; गोष्ट त्यांना आधीच माहीत होती आणि ओळखीचं माणूस भेटावं एवढीच त्यांची मागणी होती. चित्रपट न पाहिलेल्याला पीटर पॅनच्या राईडमधून कथानक सांगायला लावा, तो उडती जहाजं आणि दिवे यांपलीकडे फार काही सांगू शकणार नाही, आणि तरी त्याला मजा आलेली असेल. खोपोलीच्या इमॅजिकातली ‘मिस्टर इंडिया’ राईड मोगॅम्बोची ओळख करून देत बसत नाही. १९८७ चा चित्रपट प्रेक्षक घरूनच घेऊन येतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा: २०१९ च्या ‘राइज ऑफ द रेझिस्टन्स’सारख्या राईडी पंधरा-वीस मिनिटं चालतात आणि कथानक व्यवस्थित पोचवतात. पोचवतात, पण कधी? माणसं खोल्याखोल्यांतून उभी असतात, एका तुकडीसाठी दार बंद होतं, अभिनेते बोलतात, तेव्हा. वाहन सुटलं की उरतो तो पाठलाग. थांबवून सांगायचं हे तंत्र आपल्याकडे कुणाला नवं नाही. पुण्यातल्या गणेशोत्सवाचे हलते देखावे तेच करतात: गर्दी थांबवायची, ध्वनिमुद्रित निवेदन लावायचं, पुतळे क्रमानं हलवायचे, मग गर्दी पुढे सोडायची. ते नाटक आहे आणि नाटक म्हणून उत्तम आहे. तिथे नजर तयार झालेली मंडळी राईडचं चित्र बघतात आणि पहिला प्रश्न करतात, ‘स्टोरी काय?’ या प्रश्नाला उत्तर देऊन देऊन माणूस थकतो. गंमत म्हणजे त्याच उत्सवात निवेदनाविना उभा असलेला अफजलखानवधाचा पुतळा चालत्या रांगेतल्या शेवटच्या पोराला कळतो. वाघनखं, मिठी, मागे शामियाना. सहा शब्दही लागत नाहीत. तो देखावा मांडणारा कारागीर माझ्या मते राईडच्या धंद्यात थेट घेण्याजोगा आहे.

तिसरा आक्षेप मी स्वतःच घेतो, आणि त्याचं पुरतं उत्तर माझ्याकडे नाही. वीस सेकंदांत कळायचं तर चित्रकार तयार साच्यांकडे वळतो. डेव्हिसचा जंगल क्रूझमधला खांबाचा प्रसंग हा मांडणीचा धडा आहे: खाली गेंडा, वर खांबाला लोंबकळणारी माणसांची उतरंड. पण ती माणसं म्हणजे गोरा शिकारी आणि त्याचे आफ्रिकी हमाल, आणि तो विनोद चटकन कळायचा यात तो साचा प्रेक्षकाच्या डोक्यात आधीच असण्याचा वाटा होता. २०२१ मध्ये तिथे वेगवेगळ्या देशांच्या प्रवाशांची टोळी आली. ‘पायरेट्स’मधला बायकांचा लिलाव २०१८ मध्ये बदलला, लाल केसांची बाई आता स्वतः चाचा आहे. जुन्याचे भक्त चिडले. मला बदल योग्य वाटतो, मात्र नव्या लिलावाकडे पाहताना काय चाललं आहे हे समजायला जरा जास्त वेळ लागतो, हेही दिसतं. साच्याविना तत्काळ कळणारं चित्र काढता येतं. मेरी ब्लेअरनं १९६४ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात ‘इट्स अ स्मॉल वर्ल्ड’मध्ये ते रंग आणि आकारांवर पेललं, कथा तर सोडाच, प्रसंगही न घेता. तरी तिच्याही बाहुल्या देशोदेशीच्या ठरावीक पोशाखातच आहेत. तेव्हा वेगाची किंमत कुणीतरी मोजतं, हा संशय मी बाजूला सारू शकत नाही.

डेव्हिसची सगळ्यात मोठी योजना बांधलीच गेली नाही. फ्लोरिडातल्या डिस्नेच्या पार्कसाठी त्यानं ‘वेस्टर्न रिव्हर एक्सपिडिशन’ नावाची होडीची राईड चित्रांतून जवळजवळ पुरी केली होती. पण तिथले लोक ‘पायरेट्स कुठे आहे?’ विचारू लागले, १९७३ मध्ये तीच तिथे बांधली गेली, आणि खर्चाच्या हिशेबात नवी नदी आटली. चित्रं राहिली. त्यांतल्या एकात दरोडेखोर बँक लुटतायत, तोंडाला फडकी बांधलेली, आणि त्यांच्या घोड्यांनीही तोंडाला फडकी बांधली आहेत. हे होडीच्या कडेवरून, बसलेल्या माणसाच्या डोळ्याच्या उंचीवरून काढलेलं आहे. उद्या कुणी ती राईड बांधायला घेतली, तर कंत्राटदाराचे पहिले प्रश्न त्या कागदावरूनच निघतील: घोडे होडीच्या कुठल्या अंगाला, दरोडेखोर पाण्यापासून किती मीटरवर, आणि माणसांची फडकी आधी दिसायची की घोड्यांची.