घरचं नाव, शाळेचं नाव

लॅबच्या मशीन्सवर उबुंटू आहे, म्हणजे डेबियनचं घराणं. तिथे सॉफ्टवेअर टाकण्या-काढण्याचं काम डीपीकेजी आणि त्याच्यावर बसलेलं एपीटी करतं. माझ्या लॅपटॉपवर फेडोरा. तिथे आरपीएम आणि डीएनएफ. मिनी प्रोजेक्टचं डेब पॅकेज लॅबसाठी बनवायचं होतं, म्हणून मी फेडोरावर डीपीकेजी सोर्सपासून बिल्ड करायला घेतलं.

"काय करून राहिली बे? एका कमांडमध्ये येते ना ते!" इति रूममेट. खरंय. फेडोरामध्ये डीपीकेजी तयार मिळतं. पण मेसचा डबा खाणं आणि स्वतः कणीक मळणं यात काही फरक असतो की नाही?

पहिली अडचण नावांची. डेबियनमध्ये लायब्ररीच्या हेडर फाइल्सच्या पॅकेजला शेवटी 'डेव्ह' लागतं, फेडोरात 'डेव्हेल'. कॉन्फिगर स्क्रिप्ट एकेका लायब्ररीवर थांबणार, मग तिचं इकडचं नाव शोधायचं, ती टाकायची, पुन्हा कॉन्फिगर. मेक मात्र मुकाट्याने झालं.

सगळं सिस्टिममध्ये न टाकता मी होम डिरेक्टरीतच टाकलं, कारण दोन पॅकेज मॅनेजरना एका घरात मोकळं सोडणं बरं नाही. डीपीकेजी आपल्या नोंदी 'स्टेटस' नावाच्या साध्या टेक्स्ट फाइलमध्ये ठेवतं. आरपीएमचा डेटाबेस वेगळा. दोघं एकमेकांच्या वह्या बघत नाहीत. माझ्या नव्या डीपीकेजीची वही कोरी होती. त्याला उबुंटूचं एक पॅकेज दिलं, तर म्हणे लिबसी-६ नाही! अहो, अख्खा लॅपटॉप ज्या सी लायब्ररीच्या जिवावर चालतोय ती इथेच आहे. फेडोरात तिला जीलिबसी म्हणतात, एवढंच. पण वहीत नाव नाही म्हणजे माणूसच नाही. मेसच्या दारावर रजिस्टर घेऊन बसणाऱ्या काकांसारखं. नुसतं पॅकेज बांधायला ही वही लागत नाही, त्यामुळे प्रोजेक्टचं काम झालं.

खरी गोष्ट पुढेच आहे. सोर्समध्ये पीओ नावाचं फोल्डर असतं, त्यात प्रत्येक भाषेच्या भाषांतराची एकेक फाइल. यादी खाली सरकवताना 'एमआर' दिसलं. एमआर म्हणजे मराठी! एपीटीच्या सोर्समध्येही अशी फाइल आहे. तिच्या माथ्यावर जनभारती, सी-डॅक, मुंबई असं लिहिलंय आणि साल २००८. मी तेव्हा जन्मले असेन-नसेन. के.जी.पासून कॉन्व्हेंट; मराठी घरी बोलायची आणि शाळेत थर्ड लँग्वेज म्हणून पास व्हायची. कॉम्प्युटर मराठीत आपली तक्रार सांगू शकतो, हे मला इतक्या वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं आणि मीही कधी विचारलं नव्हतं.

फेडोराचा मराठी लँगपॅक टाकला, लोकेल मराठी केलं आणि माझंच डीपीकेजी चालवलं. काही ओळी मराठीत आल्या, मात्रा थोड्या इकडेतिकडे सरकलेल्या, कारण टर्मिनलला देवनागरी नीट जमत नाही. बऱ्याच ओळी मात्र इंग्रजीतच. नंतरच्या काळात प्रोग्रॅममध्ये नवे संदेश येत गेले, भाषांतर मागे राहिलं. जिथे मराठी नाही तिथे मूळ इंग्रजीच छापलं जातं. आमच्या मजल्यावर विचारलं, कोणीच मराठी लोकेल वापरत नाही. मग भाषांतर करणार कोण आणि कोणासाठी?

तरी ती फाइल उघडून रिकाम्या जागा भरायला घेतल्यात. पाठवीन तेव्हा पाठवीन. सध्या 'डिपेन्डन्सी'वर गाडी अडलीय. आईला फोनवर विचारलं, ती म्हणाली 'अवलंबित्व'. मला ते स्पेलिंगसकट तीनदा विचारावं लागलं. रूममेट म्हणते, "'लागते' लिही ना सरळ. याले ते लागते." ती अमरावतीची आहे, आणि मला तिचंच जास्त पटून राहिलंय.