सोलून काढता येणारा रंग

स्कूटर बाबांची आणि चालवणार मी, इथूनच वादाला सुरुवात झाली. 9 वर्षं त्यांनी ती पुसूनपुसून जपलेली, निळा रंग अजून चकचकीत. मला मात्र काळा मॅट लूक हवा होता. "मूळ रंगाला हात लावायचा नाही," बाबांनी बजावलं आणि घरात चार दिवस अबोला झाला. तोडगा निघाला तो सोलून काढता येणाऱ्या रबर कोटिंगमुळे.

हे कोटिंग म्हणजे पातळ केलेलं रबर. पाने-पकडींच्या मुठी त्यात बुडवून त्यांना चांगली पकड द्यायची, हा त्याचा जुना उपयोग. आता ते स्प्रेच्या डब्यातही मिळतं. रंगासारखं मारायचं, वाळलं की त्याची लवचीक साल तयार होते आणि नको झालं की ती सोलायची.

"निघतो म्हणतेस, पण नाही निघाला तर?" बाबांचा प्रश्न रास्त होता. म्हणून पूर्ण गाडीचा हट्ट मी सोडला. तसंही आरसी बुकात गाडीचा रंग नोंदवलेला असतो, पूर्ण रंग बदलायचा तर आरटीओत रीतसर नोंद करून घ्यावी लागते. ठरलं ते एवढंच : पुढचा मडगार्ड, आरशांच्या पाठी आणि अलॉय व्हील्स.

जाड थर, सोपी सुटका

आपल्याला वाटतं, पुढे काढायचंच आहे तर पातळ हात पुरे. इथे नेमकं उलट आहे. पातळ थर सोलताना तुटतो आणि नखाने एकेक कपटा खरवडत बसावं लागतं. जाड थर मात्र एका ओढीत अख्खा निघतो.

गाडी शाम्पूने धुऊन, तेल-पॉलिशचा अंशही राहणार नाही अशी पुसली. टायर आणि रिम यांच्या फटीत जुन्या लग्नपत्रिकांचे तुकडे खोचले, ब्रेकच्या भागावर प्लास्टिक बांधलं, बाकी सगळीकडे वर्तमानपत्र आणि मास्किंग टेप. वास उग्र असतो आणि फवारा ज्वालाग्राही, म्हणून मोकळी जागा आणि तोंडाला मास्क हवाच. कडक उन्हात तापलेल्या पत्र्यावर किंवा पावसाळी दमट हवेत हे काम करू नये, थर खरखरीत किंवा पांढुरका होतो.

पहिला हात इतका हलका की खालचा निळा दिसत राहिला. मग 20-30 मिनिटांच्या अंतराने आणखी चार हात, प्रत्येक आधीपेक्षा भरीव. टेप मात्र शेवटचा हात ओला असतानाच काढायची, नाहीतर कडेची साल तिच्यासोबत उचलली जाते. गाडी रात्रभर तशीच ठेवली.

पेट्रोल हा या कोटिंगचा शत्रू. सांडलं की रबर मऊ पडून विरघळतं, म्हणून टाकीच्या झाकणाजवळ ते लावलंच नाही. धुतानाही जोराचा पाण्याचा फवारा कडांवर मारायचा नाही. वर्षानुवर्षं उन्हात राहिलं तर ते कडक होतं आणि सोलणं अवघड जातं, म्हणून वेळेत काढलेलं बरं.

शब्द पाळायची वेळ

दीड वर्षाने गाडी बाबांना परत द्यायची होती. सोलायला बसले तेव्हा ते शेजारी खुर्ची टाकून बसले. तोंडाने काही बोलले नाहीत, पण नजर हलत नव्हती. मडगार्डची कड अंगठ्याने घासून उचलली आणि हळूहळू ओढली. अख्खी साल हातात आली. व्हील्सच्या कोपऱ्यांत थर मुळातच पातळ बसतो, तिथे तुकडे राहिले. त्यांवर पुन्हा दोन-तीन भरीव हात मारून वाळू दिले, तेव्हा नव्याबरोबर जुनंही निघालं. मात्र आधी हलक्या दर्जाचा रंग मारून घेतलेला भाग असेल, तर सालीबरोबर तो रंगही निघू शकतो. आमचा रंग कंपनीचा होता, म्हणून मी निर्धास्त होते.

खालचा निळा जसाच्या तसा होता. दीड वर्षाच्या खड्ड्यांतून उडालेल्या खडीचा एकही नवा ओरखडा मडगार्डवर नव्हता. बाबांनी त्यावरून दोनदा बोट फिरवलं, चष्मा काढून पुन्हा पाहिलं आणि विचारलं, "यात पारदर्शक मिळतो का गं?"

मिळतो. पुढच्या कोरड्या रविवारी मारणार आहोत, या वेळी डबा बाबांच्या हातात असेल.