सुट्टीची बॅग मुलांनाच भरू द्या



परीक्षा संपली की कपाटावरच्या बॅगा खाली उतरतात. आई कपडे काढते, बाबा बॅग उचलून वजनाचा अंदाज घेतात, आजी "स्वेटर घेतलास का?" म्हणून विचारते. आणि ज्याची सुट्टी असते, तो मुलगा मात्र मोबाइल बघत बसलेला असतो. तुमच्याकडे काय होतं? बहुतेक असंच.

मी जयगड भागात शिकवतो. शास्त्री नदी समुद्राला मिळते तिथलं हे गाव. इथे खाडीच्या तोंडाशी किल्ला आहे आणि पलीकडे तवसाळला जायला फेरीबोट. मे महिन्यात चाकरमानी आणि त्यांची मुलं गावी येतात. त्यांच्या बॅगा बघितल्या की घरात बॅग कोणी भरली ते लगेच कळतं. चार-चार जीन्स असतात, पण इथल्या दमट हवेत जीन्स लवकर वाळत नाही. चकचकीत बूट असतात, पण कऱ्हाटेश्वराच्या खडकांवर चालायला धड चप्पल नसते. टोपी घरीच राहिलेली असते. सुती कपडे, पंचा, टॉर्च, नेहमीची औषधं या साध्या गोष्टीच खऱ्या कामाला येतात. जिथे जायचं तिथली हवा कशी, चालायचं किती, तिथे काय मिळतं, एवढा विचार केला की निम्मं सामान आपोआप कमी होतं. भूगोल तो हाच की!

आपल्या आजी-आजोबांना हे कोणी शिकवलं नव्हतं. कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण सुरू झाली. त्याच्या कितीतरी आधी मुंबईहून कोकणात माणसं समुद्रमार्गे बोटीने यायची. बऱ्याच बंदरांत मोठी बोट खोल पाण्यात उभी राहायची आणि माणसं, सामान छोट्या होडीतून किनाऱ्यावर यायचं. हलत्या होडीत उतरताना एक पत्र्याची ट्रंक आणि एक वळकटी एवढंच झेपायचं. पावसाळ्यात तर बोटी बंदच असायच्या. त्यामुळे काय न्यायचं याच्याइतकाच काय न्यायचं नाही याचाही विचार व्हायचा. आता गाडीची डिकी मोठी झाली आणि तो विचार मागे पडला.

म्हणून मी वर्गात एक उपक्रम घेतो. तुम्हीही करून बघा. प्रत्येकाने तीन दिवसांच्या प्रवासाची यादी लिहायची. मग यादीतल्या पाच वस्तू खोडायच्या आणि प्रत्येक वस्तू का खोडली ते एका वाक्यात सांगायचं. मुलं वाद घालतात, कारणं देतात. भाषेचा तास छान रंगतो. नंतर येतं गणित. दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नसावं, असं २०२० चं राष्ट्रीय दप्तर धोरण सांगतं. तोच हिशेब पाठीवरच्या बॅगेला लावा. ३० किलोच्या मुलाची बॅग ३ किलोची! वजनकाटा आणला की मुलंच म्हणतात, "सर, हे काढू का?"

वर्गातली सगळीच मुलं सुट्टीत बाहेरगावी जात नाहीत, हे आपण विसरू नये. कुणाच्या घरी होडीचं काम असतं, कुणाच्या घरी आंब्याचं. "तू कुठे जाणार?" हा प्रश्न त्यांना टोचतो. अशा मुलांना मी पाहुण्यांची परतीची पिशवी भरायला सांगतो. आमसुलं, कुळथाचं पीठ, फणसपोळी, सुकट, आंबे. काय तळाला ठेवायचं, काय वर, आंबा दबू नये म्हणून काय करायचं, सुकटीचा वास कपड्यांना लागू नये म्हणून कशात बांधायची? या विषयात तीच मुलं वर्गाची गुरू होतात. मुंबईहून आलेली भावंडंही त्यांचं ऐकतात.

आता मुख्य मुद्दा. आपल्या मुलांना एक दिवस सुट्टीची नाही, तर घर सोडून जायची बॅग भरायची आहे. आमच्याकडे तर दहावी-बारावीनंतर रत्नागिरी, चिपळूण नाहीतर मुंबई ठरलेलीच. माझा एक हुशार विद्यार्थी वसतिगृहात गेला. बॅग आईने भरली होती, अगदी नेटकी. पहिल्या आठवड्यात त्याचे रोज फोन यायचे. हे कुठे ठेवलंस, ते कुठे ठेवलंस, कपडे कोणत्या साबणाने धुऊ. त्याला अभ्यास जड गेला नाही, स्वतःचं सामान जड गेलं. त्याच वर्षी गेलेल्या एका मुलीला मात्र काहीच अडलं नाही. घरात धाकट्या भावंडांच्या पिशव्या तीच भरायची. दोघांचे गुण साधारण सारखेच होते.

पालकांनो, आई प्रेमानेच बॅग भरते. पण तेच प्रेम बॅगेशेजारी बसूनही दाखवता येतं. तिकीट, ओळखपत्र आणि औषधं मोठ्यांनी जरूर तपासावीत. बाकीचं मुलाला ठरवू द्या. टॉवेल राहिला तर राहू दे, मामाकडे पंचा मिळेल. पुढच्या वेळी यादीत तो सगळ्यात वर असेल. आणि एक सवय आवर्जून लावा. परत आल्यावर बॅग रिकामी करताना न वापरलेल्या वस्तू मुलाला बाजूला काढायला सांगा, मोजायला सांगा. ओरडू नका, फक्त मोजू द्या.

या सुट्टीत एवढं करून बघाच. यादी मुलाची, बॅग मुलाची, आणि स्टँडपर्यंत उचलायचीही त्यानेच!