पाणी जड असतं

पहाटे पाच वाजता आमची टाकी भरून वाहत होती आणि बाबांना ते ऐकू आलं नाही.

खरं तर ते मला ऐकू यायला हवं होतं. मोटर मीच चालू केली होती. मग कानात इअरफोन घालून पुन्हा आडवा झालो. शेजारच्या काकूंनी दार वाजवलं तेव्हा कळलं. अर्धा तास तरी पाणी भिंतीवरून गटारात जात होतं. बाबा उठून आले, ओल्या भिंतीकडे बघत उभे राहिले. मला वाटलं, आता ओरडतील. ते एवढंच म्हणाले, "मला आवाज नाही आला रे."

बाबांनी तीस वर्षं एका पाणीयोजनेवर पंप ऑपरेटर म्हणून काढली. पंपघरात शिरल्या शिरल्या ते नुसत्या आवाजावरून सांगायचे, बेअरिंग गेलंय की पंप हवा ओढतोय. कानात कापसाचे बोळे, बाकी काही नाही. रिटायर झाले तेव्हा कान जवळजवळ गेलेलेच होते.

लहानपणी मी नळ उघडा ठेवला की ते म्हणायचे, "पाणी जड असतं रे." मला वाटायचं, म्हण असेल. नाही. ते हिशोब सांगत होते.

तुम्हीही करून बघा. एक हजार लिटर पाणी म्हणजे एक टन. ते शंभर मीटर उंच चढवायला, पंप आणि मोटर यांची मिळून साठ टक्के कार्यक्षमता धरली, तर सुमारे 0.45 युनिट वीज लागते. वाचायला किरकोळ वाटतं. पण समजा, एखादं शहर रोज एक कोटी लिटर पाणी एवढं चढवतं. मग झाले रोजचे साडेचार हजार युनिट. आपल्या देशातली वीज अजून मुख्यतः कोळशावर चालते. एका युनिटमागे साधारण 700 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड धरा. म्हणजे दिवसाला तीन टनांवर. आमच्या जिल्ह्यात जयगडलाच कोळशावरचं 1200 मेगावॉटचं केंद्र आहे. त्यामुळे वीज कुठून येते हे आम्हाला कोणी वेगळं सांगावं लागत नाही.

रत्नागिरीचं पाणी दोन धरणांतून येतं. पानवलचं पाणी डोंगरउताराने आपल्या पायांनी चालत येतं. शीळचं पाणी पंपाने साळवी स्टॉपच्या शुद्धीकरण केंद्रापर्यंत चढवावं लागतं. नळातून पडताना दोन्ही सारखंच दिसतं. पण एक फुकट आलेलं असतं आणि दुसऱ्यासाठी कुठेतरी कोळसा जळलेला असतो.

नगर परिषदेने वीज वाचवायची म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे दिवे येतात. ते चूक नाही. 2015 पासून देशभर रस्त्यांवर एलईडी आले. 250 वॉटच्या सोडियम दिव्याचं काम त्याच्या निम्म्या विजेत होऊ लागलं. पण दिवा दिसतो, त्याचं उद्घाटन होतं, फोटो निघतो. पंप गावाबाहेर, कुलपात असतो. राज्य सरकारच्या माझी वसुंधरा अभियानात 'अग्नी' या तत्त्वाखाली ऊर्जेचे गुण मिळतात. माझ्या मते त्यातले निम्मे गुण 'जल' मध्येच दडलेले आहेत.

काय करता येईल? मी बाबांना वहीवर लिहून विचारलं. आता आम्ही असंच बोलतो. त्यांची उत्तरं लगेच तयार होती. आधी गळती काढा, कारण गळालेलं पाणीही उचलूनच आणलेलं असतं. झिजलेला पंप ओढत बसू नका. गरजेपेक्षा मोठा पंप घेऊन व्हॉल्व्ह अर्धा बंद ठेवू नका, तो म्हणजे ब्रेक दाबून गाडी चालवणं. मी विचारलं, सोलर? ते म्हणाले, दुपारी पंप चालवा, टाकी भरून ठेवा. उंचावरची भरलेली टाकी म्हणजे साठवलेली वीजच. बॅटरी कशाला हवी? मी म्हटलं, आपल्याकडे चार महिने ढग. तर म्हणाले, तेव्हा उताराचं पाणी असतं की.

मग जरा थांबून त्यांनी खाली लिहिलं, "आमच्या लॉगबुकात पंप किती तास चालला याचा रकाना होता. किती युनिट लागले याचा नव्हता. आम्हाला कोणी विचारलंच नाही."

हे वाक्य मला लागलं. ज्या माणसाला पंपाची नस कळत होती, त्याला तीस वर्षांत कोणी विजेचं विचारलं नाही. कुठल्याही नगर परिषदेने पहिली गोष्ट करायची तर हीच. हजार लिटरमागे किती युनिट लागले, ते रोज लिहायचं. त्यासाठी आधी ना मोठा निधी लागतो, ना सल्लागार. एक मीटर, एक वही आणि पंपघरातल्या माणसाला विचारायची तयारी, बस्स.

घरी मी टाकीला फ्लोट बसवून घेतला. दुकानदार बझरवाला देत होता. मी बल्बवाला मागितला. आता टाकी भरली की स्वयंपाकघरात लाल दिवा लागतो.

पहिल्या दिवशी बाबा पाच वाजताच स्टूल घेऊन दिव्यासमोर बसले. दिवा लागला, त्यांनी मोटर बंद केली. मग चष्मा लावून मीटर बघितला आणि एका जुन्या डायरीत तारीख, वेळ आणि आकडा लिहिला.

या वेळी युनिटचा रकाना त्यांनी स्वतःच आखला होता.